आमच्या साहेबांचा आवाज

आमचे साहेब कुणालाच नावानं हाक मारत नसत. माणूस ज्या गावचा, तीच त्याची हाक. मी उदगीरची, म्हणून मी ‘उदगीर’. टेपच्या मशीनवर बसणारे आमचे टेक्निशियन किनवटच्या जंगलाकडच्या इस्लापूरचे, म्हणून ते ‘इस्लापूर’. साहेब स्वतः धर्माबादचे. पण त्यांना ‘धर्माबाद’ म्हणायची हिंमत एकट्या इस्लापूरमध्ये होती, तीही साहेब खोलीबाहेर गेल्यावर. नांदेडच्या आमच्या छोट्याशा रेडिओ केंद्रात दिवसभर ‘ओ उदगीर, इकडं या’, ‘इस्लापूर आलं का?’ असा पुकारा चालू असे, आणि नवीन आलेल्या माणसाला आपण चुकून एसटी स्टँडवर आलो की काय असं वाटत असे.

ते गेले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. सकाळी अंगणातल्या पेरूला पाणी घालता घालता खाली बसले, ते उठलेच नाहीत. मी धावतच त्यांच्या घरी गेले. वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे होते. मला त्यांनी शेजारी बसवून घेतलं आणि पहिलं वाक्य काय बोलल्या, तर, “रेडिओवाले यांच्यावर कार्यक्रम लावणार म्हणे?”

“हो वहिनी. परवा संध्याकाळी. त्यांच्याच कार्यक्रमाच्या वेळेला.”

“त्यात यांचा आवाज असंल ना?”

“असणारच की.”

“न्हाई, म्हणून इचारलं. तुमचं केंद्र झालं तवापासून मी रोज लावते बघ रेडिओ. गावोगावचे लोक बोलतेत, बाया बोलतेत, शेळ्या सुदीक बोलतेत. हे कधी बोलले न्हाईत. अन् घरी यायचे ते बोलून बोलून दमलेले. तिथं बी न्हाई, हितं बी न्हाई. एकदा तरी ऐकू दे गं मला.”

“ऐकवते वहिनी. शब्द देते,” मी म्हणाले.

शब्द द्यायला काय लागतं! रिक्षात बसल्यावर मग आठवलं. सगळी हयात रेडिओत घालवलेल्या या माणसाचा आवाज आमच्या केंद्रात कुठंच नव्हता. आम्हीच तो कापला होता. म्हणजे मीच, ब्लेडनं, त्यांच्या हुकमावरून.

हे कसं झालं ते सांगायला मला दुष्काळात जावं लागेल. लातूर जिल्हा होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडी तो ‘नवा जिल्हा’च होता, सुनेला दोन लेकरं झाली तरी ती नवी सूनच राहते, तसं. उदगीरकरांचा तर त्यावर वेगळाच राग. जिल्हा व्हायचा तर आमचा व्हायला पाहिजे होता! तो राग मला लहानपणापासून घरच्या चहाबरोबर मिळालेला. बाकी वडलांनी मला एक गोष्ट कडक शिकवली होती. आमचं घर बौद्ध, वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. ते म्हणायचे, “बोलशील तर असं बोल, की समोरच्याला तुझी वस्ती विचारायची छाती होऊ नये.” मी तसं बोलायला शिकले. त्या बोलण्यावरच रेडिओची आवाज-चाचणी पास झाले. माझ्या मराठीवर इस्त्रीची घडी असायची आणि मला तिचा भारी तोरा होता.

त्या वर्षी पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं. लोकांनी ओल्या फडक्यानं पुसूनच बैल मिरवले. पुढं उन्हाळा लागला तशी साहेबांनी जीप काढली, टेपरेकॉर्डर माझ्या खांद्याला अडकवला आणि आम्ही उदगीरच्या पुढं, कर्नाटकच्या शिवेवरच्या एका गावात गेलो. आटलेल्या विहिरीपाशी बाया रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. “जा उदगीर, तुमचाच इलाखा हाय,” साहेब म्हणाले आणि स्वतः जीपला टेकून उभे राहिले.

मी एका मावशीपुढं माइक धरला आणि वडलांच्या शिकवणीला जागून विचारलं, “आपल्या गावातील पाणीटंचाईचं स्वरूप नेमकं कसं आहे?”

मावशीनं शेजारणीकडं बघितलं. “एन अंताळ ईकी?” ही काय म्हणते, असं तिनं कानडीत विचारलं.

“सरकारी बाई हाय. हाव म्हण,” शेजारीण म्हणाली.

“हाव,” मावशी माइकमध्ये म्हणाली. झाली मुलाखत.

साहेब हसले नाहीत. आले आणि हंड्यांच्या शेजारी सरळ मातीत मांडी घालून बसले. “मावशे,” ते म्हणाले, “आज घरात आंघोळ कुणाची झाली?”

मावशी आधी लाजली, मग पदर तोंडाला लावून हसली, आणि मग जी सुटली! घरात लग्न होतं. अंघोळ एकट्या नवरदेवाची झाली, तीही परातीत उभं करून. त्या पाण्यात पाहुण्यांच्या लेकरांचे पाय धुतले, मग फडकी खंगाळली, आणि उरलेलं म्हशीपुढं ठेवलं. म्हशीनं तोंड फिरवलं. “म्हशीला बी नवरदेव पसंत न्हाई,” मावशी म्हणाली, आणि विहिरीवरच्या सगळ्या बाया खो खो हसायला लागल्या. त्याच हसण्यात तिनं सांगून टाकलं, की विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी गोळा करायला सुना पाळीपाळीनं उतरतात, आणि टँकर येतो म्हणतात तो अजून तिनं तरी बघितलेला नाही. साहेबांनी मध्ये फक्त “मग?” आणि “अजून?” एवढंच विचारलं.

केंद्रावर आल्यावर ते मला म्हणाले, “आता माझं सगळं कापून टाका.”

“साहेब, तो आंघोळीचा प्रश्न म्हणजे सगळ्यात भारी गोष्ट आहे. तो तरी ठेवू या.”

“कामून? ऐकणाराला वाटलं पाहिजे, मावशी त्याच्याच ओट्यावर बसून बोलून राहिली. मधी मी कशाला? वाढप्यानं पंगतीत बसायचं नसतं, उदगीर.”

त्या काळी टेप कापायची म्हणजे खरोखरच कापायची. आवाज कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते कान लावून हेरायचं, तिथं पेन्सिलीची खूण करायची, ब्लेडनं तिरका काप द्यायचा, आणि उरलेली दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. मी साहेबांचा प्रश्न कापला, त्यांचं “मग?” कापलं, त्यांचं “अजून?” कापलं. मावशी एकटीच बोलत राहिली, आणि काय बोलली म्हणून सांगू! कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी नांदेडपासून निलंग्यापर्यंत लोक म्हशीवर हसले, आणि हसता हसता टँकर कुठं आहे असं विचारायला लागले. पुढच्या आठवड्यात त्या गावात टँकर आला. तो रेडिओमुळं आला की येणारच होता, देव जाणे. गावानं मात्र सगळं श्रेय मावशीला दिलं. टँकर आला की पहिला हंडा तिचा, असं ठरलं. हे कळलं त्या दिवशी साहेब इतके खूश झाले, की सगळ्या केंद्राला भजी खाऊ घातली. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय तो होता आणि त्यात त्यांचं नाव कुठंच नव्हतं. मी मात्र त्या दिवसापासून वडलांची शिकवण जीपमध्ये ठेवून खाली उतरायला लागले.

तर असे हे आमचे साहेब. दुष्काळ सरला, पाऊस आला, परत दुष्काळ आला. ते गावोगाव फिरत राहिले आणि मी त्यांना कापत राहिले. कार्यक्रम झाला की ती टेप पुसून त्यावर दुसरा कार्यक्रम भरायचा, कारण नवीन टेप मागवली की वरून फक्त उत्तर यायचं. म्हणजे लोकांचे आवाज पुसले गेले, आणि साहेबांचा तर त्यात मुळातच नव्हता.

साहेब गेल्यावर केंद्रावर पोचले, तर नवे अधिकारी सगळं ठरवून बसले होते. तोवर केंद्रात कॉम्प्युटर आला होता आणि अधिकारी त्याच्या बरोबरच आले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं गुळगुळीत लागायचं. सुरुवातीला सनई, मग साहेबांचा परिचय, मग ‘त्यांच्या जाण्यानं निर्माण झालेली पोकळी’, आणि शेवटी पुन्हा सनई.

“यात ते कुठं आहेत?” मी विचारलं.

“परिचयात आहेत ना.”

“त्यांचा आवाज?”

“असेल तर लावा, मॅडम. पण आहे का?”

मी आणि इस्लापूरनं कपाटं उपसली. लोकगीतं होती, भजनं होती, भारुडं होती. एका कृषी अधिकाऱ्यानं बियाण्यांच्या निवडीवर दिलेलं लांबलचक भाषण अगदी ठणठणीत होतं. हवं ते जातं आणि नको ते राहतं, ते असं. दुसरा दिवस उजाडला, दुपार झाली. इस्लापूर धुळीनं शिंकून शिंकून बेजार झाले. “न्हाई सापडत, पोरी,” ते म्हणाले. “त्या माणसानं सोताला मागंच ठेवलं न्हाई.” मला वहिनींचं तोंड दिसत होतं. आता जाऊन काय सांगायचं त्यांना? मला साहेबांचा भयंकर राग आला. एवढाही काय तो मोठेपणा!

रागाच्या भरात मी जुन्या मशीनजवळच्या टेबलावर हात आपटला आणि माझी नजर टेप कापायच्या ठोकळ्यावर गेली. त्यातल्या तिरक्या खाचेत मी कापायला शिकले होते. कशावर शिकले होते? आणि मी ओरडलेच, “शिकाऊ स्पूल!”

नव्या माणसाला चांगल्या टेपवर ब्लेड चालवू देत नसत. त्याच्यासाठी कापून टाकलेल्या तुकड्यांची एक टेप केलेली असे. कार्यक्रमातून जे जे कापलं, ते फेकून न देता इस्लापूर एकाला एक चिकटवून त्या स्पूलवर, म्हणजे रिळावर, गुंडाळत जायचे. शिकणाऱ्यानं त्यावर कापावं, जोडावं, चुकावं. जोडांवर जोड असल्यानं ती टेप पुसून पुन्हा वापरायच्या लायकीची नव्हती, म्हणून तिच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. आणि आम्ही दुसरं कापत काय होतो? खोकला, वारा, आणि साहेब!

स्पूल सापडलं मशीनच्या खालच्या कप्प्यात, जुन्या वायरींच्या गुंताड्यात. मशीनचा पट्टा सैल झालेला. इस्लापूरनं सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून बसवली. बटण दाबलं. आधी खरखर. मग उलटा चिकटवलेला एक तुकडा, कुठल्यातरी परदेशी भाषेतल्या बातम्यांसारखा. आणि मग एकदम, लख्ख, खोलीत उभं राहून बोलल्यासारखं, “मावशे, आज घरात आंघोळ कुणाची झाली?”

इस्लापूरनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. “मग?” साहेब म्हणाले. “अजून?” मग फट्टकन जोड सुटला आणि टेप जमिनीवर लोळली. आम्ही तो जोडला. पुन्हा लावली. “म्हैस कितीला मागितली अन् इकली कामून न्हाई?” पुन्हा जोड सुटला. जुनी चिकटपट्टी वाळून पापडासारखी झाली होती. दर प्रश्नाला एक जोड नव्यानं करावा लागत होता. मी इतक्या आनंदानं आयुष्यात दुसरं काही जोडलं नाही. वर्षानुवर्षं कापलेला माणूस मी त्या दिवशी परत सांधत होते, आणि तो माझ्या हाताखालून बोलत बोलत पुढं सरकत होता. प्रश्नच प्रश्न. उत्तर एकही नाही. ती सगळी लोकांची होती, आणि लोकांबरोबर हवेत गेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी अधिकाऱ्यांना कार्यक्रम ऐकवला. सनई नाही, परिचय दोन वाक्यांचा, मग साहेबांचे प्रश्न, आणि दर प्रश्नानंतर मोकळी जागा. त्यांनी पहिल्या मोकळ्या जागेलाच हात वर केला.

“हे काय? इथं काही ऐकूच येत नाही.”

“उत्तराची जागा आहे ती.”

“मॅडम, हवेत शांतता सोडत नाहीत. लोकांना वाटेल केंद्र बंद पडलं. हे प्रश्न एकामागून एक जोडून घ्या, खाली बासरी सोडा.”

नियमानं त्यांचं बरोबर होतं. रेडिओत गप्प बसणं हे सगळ्यात मोठं पाप. पण मी म्हणाले, “सर, या माणसानं कधी कुणाला प्रश्न विचारून लगेच दुसरा विचारला नाही. तो थांबायचा. थांबणं हाच त्याचा आवाज आहे. तो कापायचा असेल तर तुम्ही कापा. ब्लेड तिथं आहे. मी आता कापणार नाही.”

इस्लापूर मागून म्हणाले, “अन् मशीन बी मी चालवणार न्हाई.” कार्यक्रम आता कॉम्प्युटरवरून लागायचा आणि तो अधिकाऱ्यांनाही लावता येत होता, हे इस्लापूरना माहीत होतं, पण बोलायचं ते बोलून टाकलं. अधिकाऱ्यांनी कागद पुढं ओढला. मग म्हणाले, “तुमच्या जबाबदारीवर.” मी म्हणाले, “माझ्याच.” तेवढ्यावर त्यांनी सही केली, आणि त्याबद्दल मी त्यांना अजूनही मानते.

संध्याकाळी केंद्र इस्लापूरवर सोपवून मी साहेबांच्या घरी गेले. अंगण माणसांनी भरलं होतं. नातेवाईक, गल्लीतले लोक, आणि आसपासच्या गावांतले शेतकरी, ज्यांना साहेबांनी कधी ना कधी मातीत बसून काहीतरी विचारलं होतं. वहिनींनी रेडिओ ओट्यावर आणून ठेवला, तेव्हा एक म्हातारे काका कुरकुरले, “सुतकात रेडिओ?”

“त्यांचाच हाय,” वहिनी म्हणाल्या. काका सरकून रेडिओजवळ बसले.

कार्यक्रम सुरू झाला. साहेबांचा आवाज अंगणात आला आणि सगळी माणसं ओट्याकडं सरकली. पहिल्या प्रश्नानंतरची मोकळी जागा तशीच गेली. दुसरीही. मला वाटलं, चुकलं आपलं, बासरीच बरी होती. मग साहेबांनी विचारलं, “जिल्हा नवा झाला, फरक काय पडला?”

“हापिस जवळ आलं, पाणी लांबच हाय साहेब!” मागून एक फेटेवाला ओरडला.

अंगणात हशा पिकला. मयताच्या घरी, तिसऱ्या दिवशी! आणि मग कोण थांबतंय? “कापसाला आवंदा कीड किती?” साहेबांनी विचारलं, तर तिघं एकदम सांगायला लागले. “शेजारच्या गावात पाणी हाय का?” “हाय, पण देत न्हाईत!” तेच म्हातारे काका हात वर करून बोलत होते. मी छाती फुगवून बघत होते. जिंकलो होतो आम्ही. साहेब होते तेव्हा जे करायचे तेच आत्ताही करत होते, लोकांना बोलतं करत होते, आणि त्यासाठी त्यांना हजरही राहावं लागलं नव्हतं.

फक्त वहिनी काही बोलत नव्हत्या. रेडिओकडं तोंड करून, हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. त्यांना हेच हवं होतं का, ते मला कळेना.

“पाणी कुठून आणता तुम्ही?” साहेबांनी विचारलं.

“कुठून म्हंजे?” वहिनी एकदम म्हणाल्या. सगळे वळून बघायला लागले. “नळाला येत नव्हतं तवा दोन गल्ल्या वलांडून मीच आणलं की. तुम्ही होते कुठं? गावोगाव लोकायला पाणी इचारत फिरत होते.”

“दिवसभर काय काय करावं लागतं, सांगा की जरा,” साहेब म्हणाले.

“सांगते,” वहिनी म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या. मोकळी जागा संपली, पुढचा प्रश्न आला, त्याचंही उत्तर त्यांनी दिलं. आवाज चढला होता, चेहरा लाल झाला होता, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा डोळे वाहत होते. त्या भांडत होत्या. साहेब ऐकून घेत होते.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. प्रत्येक मुलाखत साहेब त्यानंच संपवायचे. रेकॉर्डर बंद करायला हात नेऊन, पण बंद न करता.

“अजून काही सांगायचं राहिलं का?”

“लई राहिलंय,” वहिनी म्हणाल्या. “बसा आता.”

आणि त्या बोलू लागल्या. त्या प्रश्नापुढं मी सगळ्यात मोठी मोकळी जागा सोडली होती, अधिकाऱ्यांना घाम फुटेल एवढी. पण ती कुठली पुरायला! मध्येच आमच्या निवेदिकेनं पुढच्या कार्यक्रमाचं नाव सांगायला सुरुवात केली. “थांब गं बाई,” वहिनी रेडिओवर डाफरल्या, “आम्ही बोलून राहिलोत ना.”

मी उठले आणि रेडिओ बंद केला. वहिनी बोलतच होत्या.